दोनशे मीटर नाला, सोळा आठवडे: नाशिकमध्ये लँडस्केपचा प्रोजेक्ट कसा करावा

शाश्वत नगररचनेचा विषय जाहीर झाला की नाशिकमधल्या निम्म्या वर्गाचं बोट नकाशावर एकाच ठिकाणी टेकतं: रामकुंड ते तपोवन. नदी लांबलचक, त्यात घाट, मंदिरं, भाजीबाजार, कुंभमेळा आणि सांडपाणी, आणि हातात एक सेमिस्टर. शेवटी शीटवर हिरवा पट्टा, सायकल ट्रॅक आणि हातात फुगा धरलेलं एक मूल उरतं. कुठल्या जागेची लेव्हल (उंची) किती, पाणी कुठून येऊन कुठं जातं, खाली माती कसली, हे ज्युरीने (प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांनी) विचारलं की गाडी अडते.

त्यापेक्षा नाला घ्या. नंदिनी, म्हणजे जुन्या नाशिककरांची नासर्डी, किंवा पंचवटीतली वाघाडी. दोनशे मीटरचा तुकडा पुरतो. एवढा तुकडा चार जणांचा गट प्रत्यक्ष मोजू शकतो. प्रोजेक्टचा निम्मा निकाल तिथंच लागतो, कारण पुढचं सगळं डिझाइन त्या मापांवरच उभं राहतं.

तुकडा कुठला घ्यायचा

नंदिनी अंजनेरीच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते, सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्याजवळून, मुंबई नाक्याच्या भागातून येते आणि टाकळीजवळ गोदावरीला मिळते. वरच्या भागात कारखान्यांच्या पाण्याचा प्रश्न असतो. तो विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचा आहे, तिकडे जाऊ नका. मधल्या भागात दोन्ही बाजूंना संरक्षक भिंती आणि त्यांना चिकटून घरं. काम अवघड आहे, पण खरं आहे. खाली टाकळीकडे वेगळीच गंमत असते: गोदावरी फुगली की नंदिनीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. शहरात पाऊस उघडलेला असला तरी तिथली पातळी चढू शकते. हा तुकडा घेतलात तर पुराचा विचार दोन नद्यांचा करावा लागेल.

सराफ बाजार-दहीपुलाकडचा सरस्वती नाला मोहात पाडतो, कारण मोठ्या पावसात तिथल्या दुकानांत पाणी शिरतं आणि बातम्यांचे फोटो आयते मिळतात. पण तो बहुतेक झाकलेला आहे. तो ड्रेनेजचा प्रश्न आहे आणि सोळा आठवड्यांत सुटत नाही. थीसिससाठी राखून ठेवा.

तुकडा ठरवताना चार गोष्टी बघा. दोन्ही टोकांना पूल किंवा फरशी (नाल्यावरचा बुटका पूल) हवी, म्हणजे मोजणीला पक्के बिंदू मिळतात. निदान एका काठावर सार्वजनिक मोकळी जागा हवी. सात-बारा आणि विकास आराखड्यातलं आरक्षण आधी तपासा. पाण्यापर्यंत उतरता आलं पाहिजे. आणि रोज कुणीतरी त्या जागेचा वापर करत असलं पाहिजे: धुणं, म्हशी, क्रिकेट, भंगाराची हातगाडी, काहीही चालेल. ज्या जागेला आज एकही माणूस जात नाही, तिथं बाक टाकल्यावर का जाईल, याचं उत्तर देणं फार जड जातं.

पहिले तीन आठवडे: लेव्हल

सामान: ऑटो लेव्हल (आडवी पातळी दाखवणारी दुर्बीण) आणि तिपाई (कॉलेजच्या सर्व्हे लॅबमध्ये असतेच), ४ मीटरचा स्टाफ (मापं असलेली उभी काठी), ३० मीटरचा टेप, खुंट्या, ऑइल पेंटचा छोटा डबा, फील्डबुक. ऑटो लेव्हल मिळत नसेल तर गवंड्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, १५ ते २० मीटरची. वेळ जास्त लागेल, पण दोनशे मीटरला चालते. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा सगळ्या रीडिंगची वाट लावतो.

पुलाच्या कठड्यावर किंवा पक्क्या ओट्यावर रंगाने बेंचमार्क (सगळ्या उंची ज्यापासून मोजायच्या ती खूण) करा आणि त्याला १००.०० मीटर धरा. तिथून नाल्याच्या लांबीवर दर १० मीटरला एक आडवा छेद. दोनशे मीटरला २१ छेद होतात. प्रत्येक छेदात निदान अकरा बिंदू हवेत: दोन्हीकडच्या रस्त्याची कड, भिंतीचा माथा, भिंतीचा पायथा, काठ, पाण्याची रेघ आणि तळाचा सर्वांत खोल बिंदू. मग फिरून पुन्हा बेंचमार्कवर या आणि लेव्हल जुळते का बघा. चारशे मीटरच्या फेऱ्यात १५ मिलिमीटरपर्यंतचा फरक विद्यार्थी कामात चालतो. त्याहून जास्त आला तर फरक सगळ्या बिंदूंवर वाटून टाकायचा मोह आवरा आणि पुन्हा मोजा. बहुतेक वेळा इन्स्ट्रुमेंट हलवताना टर्निंग पॉइंटचं (जुन्या आणि नव्या जागेवरून दोनदा वाचायच्या बिंदूचं) रीडिंग चुकलेलं असतं.

हे सगळं टाळून उपग्रहाच्या डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून) अर्ध्या मीटरच्या कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढणारे दर वर्षी भेटतात. फुकट मिळणाऱ्या डीईएमचा एक चौकोन ३० मीटरचा असतो आणि उंचीत काही मीटरची चूक असते. बारा मीटर रुंदीचा नाला त्यात दिसतच नाही. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो डेटा पाणलोटाची हद्द ढोबळ काढायला वापरा, साइट प्लॅनला नको.

मोजणी चालू असतानाच पुराच्या खुणा शोधा, विशेषतः सेमिस्टर डिसेंबरात सुरू होत असेल तर. करंजाच्या फांद्यांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, तारेच्या कुंपणात गुंतलेलं गवत, भिंतीवरची मातकट रेघ. सर्वांत वरच्या पिशवीपर्यंत टेप धरा आणि ती उंची बेंचमार्कला जोडा. पाच-सहा ठिकाणच्या खुणा एका सरळ उतारावर बसल्या तर ती पुराची रेघ विश्वासाची. एखादीच खूप वर असेल तर ती वाऱ्याने उडून अडकलेली पिशवी आहे, सोडून द्या. काठावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, पण "पूर किती येतो?" असं विचारू नका. "गेल्या वेळी पाणी कुठल्या पायरीला लागलं?" असं विचारा, तो बोट ठेवून दाखवेल.

नाशिकला ही पद्धत नवी नाही. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हीच शहराची पूरमापी आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला, गळ्याला लागलं, यावरून गावाला पुराचा अंदाज येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तो बुडाला होता. तुमच्या तुकड्यालाही असा एक दुतोंड्या द्या: पुलाच्या खांबावर रंगवलेली मापपट्टी. ड्रॉइंगमध्ये ती दाखवली की लोकांना समजणारं एकक मिळतं.

जलसंपदा विभागाच्या पूररेषाही लावून घ्या. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, शेती असे उघडे वापरच बसतात. तिथं कॅफे, वाचनालय किंवा 'इंटरप्रिटेशन सेंटर' काढलंत तर प्रोजेक्ट तिथंच पडतो. एक फरक ध्यानात ठेवा: गोदावरीचा शहरातला पूर बराचसा गंगापूर धरणाच्या विसर्गावर ठरतो, त्यामुळे आधी सूचना मिळते. नाल्यांवर तसं दार नाही. ढगफुटीसारखा पाऊस झाला तर नाला बघता बघता भरतो. म्हणून नाल्याकाठच्या प्रत्येक खालच्या जागेतून वर जायला दोन वाटा हव्यात, आणि त्या विरुद्ध दिशांना.

माती, आणि एप्रिलमधला फसवा खड्डा

नाशिकची जमीन वरून काळी, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्ट. कुठं काळी माती अडीच मीटर, कुठं हातभर. नाल्याच्या उघड्या काठावर हा थर डोळ्यांनी दिसतो. तिथं टेप लावून फोटो काढा, बोअर घ्यायची गरज नाही.

पाणी किती मुरतं ते मोजायला ३० बाय ३० सेंटिमीटर तोंडाचा आणि ४५ सेंटिमीटर खोल खड्डा करा. तळाला दोन इंच बारीक खडी, शेजारी मोजपट्टी. आदल्या संध्याकाळी खड्डा काठोकाठ भरा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा १५ सेंटिमीटर पाणी घाला आणि दर अर्ध्या तासाला पातळी लिहा. सलग तीन रीडिंग सारखी आली की तो तुमचा आकडा.

रात्रभर भिजवायची पायरी बहुतेक गट गाळतात आणि फसतात. एप्रिलमध्ये काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. पाणी ओतलं की ते भेगांतून गायब होतं आणि 'ताशी २०० मिलिमीटर' असा आकडा वहीत पडतो. तीच माती जुलैत फुगते, भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग ताशी ५ मिलिमीटरच्या आसपास येतो, कधी त्याहूनही कमी. डिझाइन जुलैच्या मातीचं करायचं. दुसरा खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्या आणि तिथं हीच चाचणी करा. दोन आकड्यांत खूप फरक आला, तर पाणी मुरवायचा रस्ता तुम्हाला सापडला.

नाल्यातलं पाणी कुणाचं

मार्चनंतर नाला वाहत असेल तर ते पाणी बहुतांश सांडपाणीच. किती, ते मोजा. सरळ वाहणारा १० मीटरचा भाग निवडा. संत्र्याची साल किंवा बुचाचा तुकडा सोडा, पाच वेळा वेळ घ्या, सरासरी काढा. समजा ४० सेकंद लागले, पाण्याची रुंदी ०.८ मीटर आणि सरासरी खोली १२ सेंटिमीटर. वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला ०.२५ मीटर, तळाशी पाणी हळू जातं म्हणून ०.८५ ने गुणा, ०.२१ येतो. छेदाचं क्षेत्रफळ ०.०९६ चौरस मीटर. म्हणजे सेकंदाला साधारण २० लिटर, दिवसाला सुमारे १७.६ लाख लिटर. वास येणाऱ्या त्या एवढ्याशा ओघळात एवढं पाणी असतं, यावर कुणाचा पटकन विश्वास बसत नाही.

आता विद्यार्थ्यांचं लाडकं उत्तर तपासू: पाणवनस्पती लावल्या की नाला शुद्ध. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर माणशी १०८ लिटर. वरचा प्रवाह सुमारे १६,३०० माणसांचा झाला. खडीतून पाणी वाहणाऱ्या आडव्या वेटलँडला (पाणवनस्पतींच्या वाफ्याला) माणशी १ ते २ चौरस मीटर जागा लागते, तीही आधी गाळ बसवून घेतल्यावर. म्हणजे कमीत कमी १६,००० चौरस मीटर. तुमच्याकडे २०० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद काठ आहे, एकूण २,४००. माणशी २ चौरस मीटरच्या हिशेबाने तिथं १,२०० माणसांचं पाणी बसतं, प्रवाहाच्या सात टक्के.

वेटलँड काढूच नका असं नाही. सांडपाणी आधी मलवाहिकेत वळवलेलं दाखवा, आणि वेटलँडला एका गल्लीचं किंवा एका सोसायटीच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याचं काम द्या. आकडा छोटा असला तरी ज्युरीसमोर तो टिकतो.

गल्लीतला पाऊस अडवणं: एक पूर्ण हिशेब

नाल्याला मिळणाऱ्या प्रत्येक गल्लीच्या शेवटी पर्जन्यबाग, म्हणजे रस्त्यावरचं पावसाचं पाणी अडवून मुरवणारा खोलगट वाफा, घालता येते. इथं सगळा हिशेब मांडतो, कारण बहुतेक शीटवर 'रेन गार्डन' हे नुसतं हिरव्या ठिपक्याचं नाव असतं.

गल्ली १५० मीटर लांब, ९ मीटर रुंद, डांबरी: १,३५० चौरस मीटर. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो (तिकडे त्र्यंबकला दोन हजारांच्या पुढे, पाठ्यपुस्तकात 'नाशिकचा पाऊस' म्हणून कुठला आकडा घेतलाय ते बघा). आपण एका जोरदार सरीचे २५ मिलिमीटर धरू. डांबरावरून ९० टक्के वाहतं: १,३५० × ०.०२५ × ०.९ = ३०.४ घनमीटर.

बागेत पाणी तीन ठिकाणी मावतं. वर उघडं साठलेलं १५० मिलिमीटर. खाली ६०० मिलिमीटर मिश्रणाचा थर, त्यातली पोकळी २५ टक्के, म्हणजे १५०. त्याखाली ३०० मिलिमीटर खडी, पोकळी ३५ टक्के, म्हणजे १०५. एकूण ४०५ मिलिमीटर. ३०.४ ला ०.४०५ ने भागा: ७५ चौरस मीटर. दीड मीटर रुंदीची ५० मीटर पट्टी. एका बाजूची पार्किंगची ओळ गेली, हे प्लॅनवर मान्य करा. तिथले रहिवासी पहिला प्रश्न तोच विचारणार.

पुढची पायरी, रिकामं व्हायला लागणारा वेळ. तळाला काळी माती असेल तर ताशी ५ मिलिमीटरने ४०५ मिलिमीटर मुरायला ८१ तास लागतात. साडेतीन दिवस. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा सर येते आणि बाग भरलेलीच असते. शिवाय साचलेलं पाणी म्हणजे डासांची पैदास; वरचं पाणी ४८ तासांच्या आत गेलंच पाहिजे. उपाय दोन. मुरूम जवळ असेल तर खोदाई मुरुमापर्यंत न्या. नसेल तर खडीच्या थरात ११० मिलिमीटरचा भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप टाका, अर्ध्या टक्क्याच्या उताराने, आणि त्याला नाल्याकडे तोंड द्या. पाइपचं तोंड पुराच्या नेहमीच्या पातळीखाली गेलं तर नाल्याचं पाणी उलटं बागेत येतं. ती लेव्हल तुम्ही मोजलेली आहे, वापरा.

मिश्रण: धुतलेली भरड क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ३ भाग, पोयटा १ भाग, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट १ भाग. न धुतलेल्या क्रश सँडमधली भुकटी पहिल्याच पावसाळ्यात थर सिमेंटसारखा बसवते. खोदलेली काळी माती परत भरायचा मोह ठेकेदाराला होतो, कारण ती उचलून न्यायचे पैसे पडतात. स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट मनाई लिहा. परिमाण ब्रासमध्येही (एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर) द्या, साइटवर तीच भाषा चालते: मिश्रण ४५ घनमीटर म्हणजे १६ ब्रास, खडी २२.५ घनमीटर म्हणजे ८ ब्रास, खोदाई सुमारे ७९ घनमीटर म्हणजे २८ ब्रास. खोदलेली माती फुगून साधारण सव्वापट होते, वाहतूक त्या हिशेबाने धरा.

गल्लीला उतार असतोच. दोन टक्के धरला तर ५० मीटरमध्ये एक मीटर उतरतो. अशा पट्टीत पाणी सगळीकडे १५० मिलिमीटर साठेलच कसं? ते सगळं खालच्या टोकाला जमून रस्त्यावर येईल. म्हणून पट्टीचे कप्पे करा: दोन टक्के उतारावर १५० मिलिमीटर पाणी साडेसात मीटरपर्यंतच पोचतं, त्यामुळे सात कप्पे, मध्ये दगडी आडबंध. हा उतार न बघता काढलेली पर्जन्यबाग ही सर्वांत नेहमीची चूक.

कर्बला (रस्त्याच्या कडेच्या दगडी काठाला) दर कप्प्यात ४५० मिलिमीटरची एक फट ठेवा, रस्त्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली उतरलेली. फटीच्या आत ६०० बाय ६०० चा दगडी सोलिंगचा चौकोन करा, गाळ तिथंच बसतो आणि फावड्याने उचलता येतो. फट अरुंद केली की गुटख्याच्या पुड्या आणि पानं तिला आठवड्यात बंद करतात. शेवटच्या कप्प्यात जादा पाण्याचं चेंबर हवं. ताशी ६० मिलिमीटरच्या पावसात या गल्लीतून सेकंदाला २० लिटर येतात (०.९ × ६० × ०.१३५ ÷ ३६०). एक टक्का उताराचा २०० मिलिमीटर पाइप ते आरामात वाहून नेतो. १६० चा जेमतेम.

पटांगणाकडून शिका

पुरात बुडणारी सार्वजनिक जागा कशी असावी, यासाठी युरोपातली उदाहरणं शीटवर चिकटवण्याआधी गौरी पटांगण आणि म्हसोबा पटांगण बघून या. बुधवारी जा, गोदाघाटावर आठवडे बाजार असतो तेव्हा. फरसबंद मोकळी जागा, कायमचं काहीही नाही. ताडपत्री, बांबू, टोपल्या. विसर्ग वाढणार असं कळलं की विक्रेते माल उचलून वर सरकतात. पाणी येतं, जातं, गाळ धुतला की बाजार पुन्हा बसतो. यात डिझाइनचे तीन नियम दडलेत: जे हलवता येत नाही ते पुरात तग धरणारं हवं, जे तग धरत नाही ते दोन माणसांना उचलता यायला हवं, आणि गाळ धुवायला पाण्याचा नळ व उतार हवा. तिसरा नियम शीटवर हमखास विसरतो.

लोकांची मोजदादही अशीच नेमकी करा. कामाचा वार, बाजाराचा वार आणि रविवार. सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८. दर तासाला १५ मिनिटं, एका ठरलेल्या रेघेवर. बाई, पुरुष, मूल, म्हातारं माणूस, जनावर, हातगाडी असे रकाने ठेवा. संध्याकाळी साडेसातनंतर बायकांचा रकाना रिकामा होत असेल तर दिवे आणि दिसण्याच्या रेषा हा तुमचा प्रश्न आहे, कारंजं नाही.

२०२७ च्या सिंहस्थासाठी काही काढत असाल तर एकच सूचना: २००३ च्या कुंभातली चेंगराचेंगरी रामकुंडाकडे उतरणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर झाली होती. घाटाच्या क्षेत्रफळापेक्षा त्याच्याकडे उतरणाऱ्या वाटेची सर्वांत अरुंद जागा आधी मोजा.

सेक्शन आधी, प्लॅन नंतर

सातव्या आठवड्यापर्यंत प्लॅन रंगवायला घेऊ नका. २१ छेदांतले तीन निवडा: सर्वांत अरुंद, सर्वांत रुंद, आणि जिथं लोक उतरतात तो. १:५० ला काढा. उभी मापं वाढवून काढलीत तर तसं ठळक लिहा. दुप्पट केलेल्या उभ्या मापात सौम्य उतारही कडा दिसतो आणि ज्युरी फसते, मग चिडते.

प्रत्येक छेदावर तीन रेघा ओढा: उन्हाळ्यातली पातळी, दर पावसाळ्यातली, आणि पिशव्यांवरून मिळालेली पुराची. आता तुमची पायरी, ओटा, झाड त्यात घाला आणि पुराच्या रेघेखालचं क्षेत्रफळ मोजा, आधीचं आणि नंतरचं. आधी ३६ चौरस मीटर आणि नंतर ३१ झालं, तर पुराला १४ टक्के जागा कमी केलीत. ते पाणी समोरच्या वस्तीत जाणार. जेवढं भरलंत तेवढं दुसरीकडे कापा.

क्षेत्रफळ सारखं ठेवूनही चूक होते. काँक्रीटच्या तळाचा खडबडीतपणा मॅनिंगच्या सूत्रात (नाल्यातला प्रवाह काढायच्या सूत्रात) ०.०१५, स्वच्छ मातीच्या नाल्याचा ०.०३, दाट पाणवनस्पतींचा ०.०८ ते ०.१. हा आकडा दुप्पट झाला की त्याच पातळीला निम्मंच पाणी वाहतं. काँक्रीट फोडून नैसर्गिक काठ करायचा असेल, आणि तो करावाच, तर नाला रुंद करावा लागतो. रुंदीला जागा नसेल तर तळ मोकळा ठेवून फक्त वरच्या काठावर झाडी घ्या.

काठ बांधताना

गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेली भिंत, सगळेच काढतात. तपशील असे: पेटी २ × १ × १ मीटर, जस्ताचा मुलामा दिलेली २.७ मिलिमीटरची तार, दगड १५० ते २५० मिलिमीटरचे. मागे जिओटेक्स्टाइल (पाणी सोडून माती अडवणारं कापड), नाहीतर भिंतीमागची काळी माती दगडांतून वाहून जाते आणि वरची पायवाट खचते. पण गॅबियन पडतो तो पायथ्याला पाणी माती खणतं म्हणून. पुढे २ मीटर रुंदीची, ३०० मिलिमीटर जाडीची दगडी गादी तळावर पसरा. ती छेदात दिसली की हे काम कळणाऱ्याने केलंय हे लगेच लक्षात येतं.

पायऱ्या १५० मिलिमीटर उंच, ४०० खोल, दर दहा पायऱ्यांनी सपाटी. काळा दगड टाकीने घडवलेला, खडबडीत घ्या. पॉलिश केलेला दगड शेवाळ धरला की ओल्या लुगड्यातल्या आजीला खाली पाडतो. पुराच्या पातळीतलं रेलिंग प्रवाहाला आडवं लावू नका, त्यात कचरा अडकून धरण तयार होतं आणि रेलिंग उखडून जातं. पाण्याच्या दिशेला समांतर, किंवा सॉकेटमधून काढता येणारं.

सावलीचा हिशेब सोपा आहे. नाशिक २० अंश उत्तरेला आहे. २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य साधारण ४६ अंशांवर असतो. १२ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे साडेअकरा मीटर पडते. मे महिन्याच्या २० तारखेच्या आसपास तो बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी इमारतीची सावली उरतच नाही. बाकावर उन्हाळ्यात बसायचं असेल तर वर झाडच लागतं.

झाडं: यादी लहान, जागा नेमकी

झाडांची नावं छेदावरच्या पातळीनुसार लिहा. पाण्याच्या कडेला लव्हाळा, वाळा, शेरणी. मुळं बुडाली तरी चालणारी झाडं त्यामागे: वाळुंज, करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. पुराच्या वर कडुनिंब, बहावा, कांचन; वड-पिंपळ फक्त भिंतीपासून लांब. पाणकणीस जपून. ते पसरतं, गाळ धरतं आणि अरुंद नाला दोन-तीन वर्षांत बुजवतं. ते घेतलंत तर दर वर्षी कापायचं काम निगेच्या तक्त्यात घाला. सुबाभूळ आणि कोनोकार्पस वेगाने वाढतात म्हणून सुचवले जातात; नकोत. देशी झाडं एकत्र कशी वाढतात ते बघायला सातपूरकडच्या फाशीच्या डोंगरावरची देवराई आहे, आणि पाणथळ जागेसाठी नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ.

जुन्या झाडांची मोजणी जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर धरून करा. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर हेरिटेज वृक्ष ठरतं. प्लॅनवर त्याचा बुंधा नुसता ठिपका म्हणून न दाखवता फांद्यांचा खरा घेर काढा आणि त्या घेराखाली खोदाई नको असं लिहा.

नवीन झाडांना एक घनमीटरचा खड्डा आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांचं पाणी. ८० झाडं, एका वेळी २० लिटर, म्हणजे १,६०० लिटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्याला एकदा (२० वेळा) आणि मार्च ते जूनची सुरुवात आठवड्याला दोनदा (२८ वेळा): ७६,८०० लिटर, ५,००० लिटरचे १६ टँकर, एका वर्षाला. टँकर उभा कुठं राहणार आणि पाइप किती मीटर पोचणार, हे प्लॅनवर दाखवा. वृक्षारोपणं मरतात ती बहुतेक याच हिशेबावाचून.

शीट आणि निगेचा तक्ता

पाच ए-वन शीट पुरतात: १:१००० चा परिसर आणि पाणलोट, १:२५० चा प्लॅन (प्रत्येक कोपऱ्याला लेव्हल), १:५० चे तीन छेद आधी-नंतर, १:१० चे तपशील, आणि हिशेबाचं शीट. रेंडर शेवटी, आणि तो पुराच्या दिवसाचा काढा: मापपट्टीवर पाणी, बाजार वर सरकलेला. त्या एका चित्रासाठी थ्रीडी मॉडेलला आठवडा घालवू नका. छेदावर हाताने रंगवलेलं चालतं.

खर्च सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून लावा आणि त्याच तक्त्यात शेवटचा रकाना निगेचा ठेवा: काम, कोण करणार, महिना. कर्बच्या फटी आणि गाळाचे चौकोन मृगाच्या आधी एकदा, मग पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी. पाइपचं तोंड जूनमध्ये आणि गणेश विसर्जनानंतर. गॅबियनचा पायथा दर मोठ्या पुरानंतर, टेप घेऊन. पाणकणीस फेब्रुवारीत. बेंचमार्कचा रंग दर वर्षी पुन्हा द्यायचा, नाहीतर पुढच्या बॅचला पुन्हा १००.०० पासून सुरुवात करावी लागते.